तरुणांच्या हृदयाची तपासणी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने बोलावयाचे म्हणजे गत पन्नास वर्षांचा इतिहास सांगावयाचा, असा प्रघात पडला आहे. तो इतिहास महोत्सवाच्या पुस्तिकेत येणारच आहे, आणि आमच्याहून जाणत्या लेखणीने तो लिहिला आहे. आम्ही आज निराळ्याच विषयावर चार शब्द बोलणार आहोत. महोत्सव निधीतून काही रक्कम शिल्लक राहील असा खजिनदारांचा अंदाज असून तिचे काय करावे याविषयी समितीत दोन मते आहेत. एक मत प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारावी असे. दुसरे मत आपल्या संत व्हिन्सेंट दि पॉल मंडळाचे. ते म्हणतात की या रकमेतून धर्मग्रामातील तरुण मुलामुलींच्या हृदयाची तपासणी करावी. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्या पक्षाच्या अडचणीही आज आपणांपुढे ठेवणार आहोत, कारण अडचणी झाकून गोळा केलेला पैसा पुढे पचत नाही.

पहिला प्रश्न सर्वांच्या मनात येतो तो असा, की तरुणांस हृदयविकार कसला? तो तर साठीतल्या माणसांचा रोग. साठीतल्या माणसांचा हृदयविकार बहुधा रक्तवाहिन्या तुंबल्याने होतो, हे खरे. परंतु तरुणांचे हृदय निराळ्या कारणांनी आजारी पडते. काही मुले हृदयातील दोष घेऊनच जन्मास येतात. पडद्यास छिद्र राहते, एखादी शीर अरुंद असते. दर हजार जन्मांमागे अशी सुमारे आठ ते नऊ मुले असतात, आणि त्यांतील सर्वच जन्मतः निळी पडत नाहीत. काही मुले दम लागतो एवढीच तक्रार करीत शाळा पुरी करतात. दुसरा प्रकार गरिबीचा आहे. दाटीवाटीच्या खोल्यांत एका मुलाचा घसा दुखू लागला की घरातील सर्वांचा दुखतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने दुखणाऱ्या घशावर वेळीच औषध झाले नाही तर काही मुलांस पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो. हा ताप सांधे सुजवून निघून जातो, परंतु हृदयाच्या झडपांत घर करून राहतो. यावर पेनिसिलिनसारखे स्वस्त औषध आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती याच औषधासाठी. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई कित्येक वर्षे घ्यावी लागते. सुई महाग नाही. महाग आहे ते तीन आठवड्यांचे स्मरण.

तिसरा प्रकार सर्वांत लपून राहणारा. हृदयाचा स्नायूच विनाकारण जाड होतो, किंवा हृदयाची लय चालविणाऱ्या विजेत बिघाड असतो. स्नायू जाड होण्याचा विकार सुमारे पाचशे माणसांत एकास असतो. हे दोष पुष्कळदा वंशपरंपरेने येतात. मुलगा दिसावयास धट्टाकट्टा, फुटबॉलच्या संघात पुढे. आणि एके दिवशी मैदानावर कोसळतो. लोक म्हणतात नजर लागली.

आता शासन या बाबतीत काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेव्हा देशभर पसरलेले हे काम आपल्याच अंगणात सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही. या कार्यक्रमाखाली फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांस तपासतात. तीस प्रकारच्या विकारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकार हे दोन्ही आहेत. परंतु शाळांपैकी सरकारी आणि अनुदानित शाळाच या कार्यक्रमात येतात. कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वसाहतींत राहणारी आपली कित्येक मुले विनाअनुदानित शाळांत जातात. ज्यांची शाळा सुटली ती कोणाच्याच हजेरीपटावर नाहीत. आणि अठरावे वर्ष सरले, मुलगा कॉलेजात वा कामावर जाऊ लागला, सकाळची भरलेली लोकल पकडू लागला, की सरकारी वही मिटते. आपल्या मंडळाचे काम या मिटलेल्या वहीपासून पुढे आहे.

असे काम अन्यत्र कोणी केले आहे काय? इंग्लंडात ‘कार्डिॲक रिस्क इन द यंग’ नावाची धर्मादाय संस्था १९९५ साली ॲलिसन कॉक्स या बाईंनी स्थापन केली. ती चौदा ते पस्तीस वर्षे वयाच्या तरुणांचा ईसीजी काढते, आणि शंका वाटल्यास हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी करते. त्या देशात दर आठवड्यास किमान बारा तरुण अशा न ओळखलेल्या विकाराने दगावतात, असा हिशेब ही संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे. तिच्या पुष्कळ तपासण्यांचा खर्च ज्यांची मुले अशी गेली ते आईबापच मुलांच्या स्मरणार्थ उचलतात. गावच्या एका मुलासाठी रडून झाल्यावर गावच्या इतर मुलांस रांगेत उभे करणारी ही माणसे आहेत.

इटली देशाने तर १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची तपासणी कायद्याने सक्तीची केली. पादुआ विद्यापीठाच्या वैद्यांनी आपल्या व्हेनेतो प्रांताचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध केला. तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण १९७९-८० साली लाखास वर्षाकाठी ३.६ होते, ते २००३-०४ साली ०.४ वर आले. पादुआचे नाव ठाणेकरांस परके नसावे. १३२१ च्या एप्रिल महिन्यात आपल्या ठाण्यात ज्या चार फ्रान्सिस्कनांनी रक्त सांडले त्यांतील याकोब त्याच शहराचे. असो.

परंतु दुसरी बाजूही ऐकावी. अमेरिकेतील हृदयवैद्यांची मोठी संघटना सरसकट ईसीजीचा आग्रह धरीत नाही. त्यांचे म्हणणे असे की निरोगी मुलाच्या कागदावरही कधी संशयाची रेघ उमटते. मग घरादारास महिनोन्महिने चिंता, पुढील तपासण्यांचा खर्च आणि मुलाचा खेळ बंद. शिवाय तपासणीने सर्व काही दिसते असेही नाही. आपल्या तरुणांस आठवत असेल, १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला. मोठ्या क्लबांत त्याच्या तपासण्या वेळोवेळी झालेल्या होत्या. त्यास वाचविले ते त्याच क्षणी छाती दाबणाऱ्या हातांनी आणि विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने. म्हणून आमची एक सूचना मंडळाने मान्य केली आहे: ज्या दिवशी तपासणी, त्याच दिवशी छाती कशी दाबावी याचे शिक्षणही. ईसीजीपूर्वी वैद्याने मुलाशी बोलावे व नळी लावून हृदय ऐकावे, ही दुसरी. ती नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात डॉक्टर लेनेक यांनी शोधली. आरंभी ती कागदाची गुंडाळी होती. लेनेक निष्ठावंत कॅथोलिक होते.

त्याच अमेरिकन संघटनेने वैद्याने तरुणास विचारावयाच्या व तपासावयाच्या चौदा गोष्टींची यादी केली आहे. धावताना छातीत दुखते काय? श्रम करताना कधी शुद्ध हरपली काय? इतर मुलांहून अधिक दम लागतो काय? आणि घराण्यात कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने अकस्मात गेले आहे काय? या शेवटच्या प्रश्नाशी आम्ही थबकलो. कारण डोंबिवलीतील तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या मुलास आपल्या आजोबांचे भाऊ कसे गेले हे ठाऊक नसते. ते ठाऊक असते धर्मग्रामाच्या मृत्यूनोंदवहीस.

महोत्सवासाठी जुन्या वह्या चाळताना आम्ही त्या या दृष्टीने पुन्हा वाचल्या. वय एकोणीस, कारण ‘एकाएकी’. वय चोवीस, कारण ‘फेफरे’. वय सोळा, कारण ‘तलावात बुडून’. ठाणे हे तलावांचे शहर, तेव्हा बुडणारे असावयाचेच. परंतु वैद्य सांगतात की हृदयाच्या लयीतील एक वंशागत दोष पोहतानाच उफाळतो, आणि उत्तम पोहणारा मुलगा निमूट पाण्याखाली जातो. फेफरे म्हणून नोंदलेल्या झटक्यांपैकी काही झटके मेंदूचे नसून हृदयाचे असतात. प्रत्येक नोंदीचा अर्थ असाच लावणे हा मूर्खपणा होईल. तरी एकाच आडनावाखाली दोन पिढ्यांत अशा दोन नोंदी दिसल्या, तर त्या घरच्या नातवंडांस रांगेत प्रथम उभे करावे, एवढे तारतम्य धरावयास काय हरकत आहे? वही आमच्याच ताब्यात राहील. ज्या घराची नोंद त्या घरालाच, आणि तीही एकांतात, सांगितली जाईल.

आता सर्वांत अवघड गोष्ट. दोष सापडला तर पुढे काय? मुलगा असेल तर बाप डॉक्टरांकडे धावतो. मुलगी असेल तर, बंधुभगिनींनो, कागद कपाटात जातो. ‘फादर, कोणास सांगू नका, उद्या हिचे लग्न व्हावयाचे आहे,’ हे वाक्य आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. एका मुलीच्या झडपेचा दोष शाळेतच कळला होता. आईने कागद साड्यांच्या घडीत ठेवला, देवघरात मेणबत्ती लावली, आणि लग्न होऊन मुलगी सासरी गेली. पहिल्या बाळंतपणाच्या सहाव्या महिन्यात तिला जिना चढवेना, रात्री आडवे होववेना. गर्भारपणात रक्ताचा भार वाढतो व अरुंद झडप तो सोसत नाही. सुदैवाने जांघेतील शिरेवाटे फुगा नेऊन झडप रुंद करण्याची युक्ती निघाली आहे. जपानी शल्यवैद्य कांजी इनोउये यांनी ती १९८४ साली प्रसिद्ध केली. ती मुलगी जगली, बाळही जगले. परंतु त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर तिची सासू आम्हांस म्हणाली, “फादर, आम्हांला सांगितलं असतं तर आम्ही काय तिला परत पाठवली असती?” या प्रश्नाचे उत्तर त्या आईस देता आले नाही. खरे सांगावयाचे तर, सगळ्याच सासवांच्या वतीने ते उत्तर देता येईल अशी खात्री आम्हांसही नाही. म्हणून विवाहपूर्व शिबिरात यापुढे हा विषय स्पष्टपणे निघेल, मुलाकडच्यांसमोर आणि मुलीकडच्यांसमोर.

खर्चाची भीती मात्र पूर्वीइतकी उरलेली नाही, हे आवर्जून सांगतो. खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयोपचारांचे रुग्णालय आहे. याच न्यासाची अशी रुग्णालये नया रायपूर व पलवल येथेही आहेत. तेथे पैसे घेत नाहीत. बिलाची खिडकीच नाही. सुनील गावसकर यांनी २०२० साली आपल्या वाढदिवशी तेथील पस्तीस मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला, भारतासाठी काढलेल्या प्रत्येक शतकामागे एक मूल या हिशेबाने. काहींनी आम्हांस विचारले, ‘फादर, ती संस्था आपली नव्हे ना?’ जखमी वाटसरूने शोमरोनी माणसास त्याचे देऊळ विचारल्याचे आम्हांस तरी आठवत नाही. आणि उपकाराची ये-जा दोन्हीकडून होते. आपल्या देशात उटी येथे १८७७ साली स्थापन झालेल्या फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या सिस्टरांनी न्यूयॉर्कजवळ रॉझलिन येथे हृदयविकारी मुलांचे आरोग्यधाम चालविले. त्याचेच पुढे मोठे हृदयरुग्णालय झाले, आणि १९७५ साली तेथे रोटरीच्या मदतीने युगांडाच्या एका लहान मुलीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. परदेशी मुलांच्या हृदयांसाठी रोटरीने चालविलेले पुढचे सारे कार्य तेथून निघाले. उटीचे बीज, न्यूयॉर्कची भूमी, आफ्रिकेचे मूल.

मंडळाचा बेत थोडक्यात असा. पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर याच सभागृहात नावे नोंदविली जातील. नोंदणीच्या टेबलापाशी दोन तरुणांबरोबर धर्मग्रामातील दोन आज्या बसतील. कोण कसे गेले हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही, आणि त्यांस आम्ही तशी विनंती केली आहे. ज्या मुलाच्या कागदावर शंका येईल त्याच्या घरी मंडळाचे दोघे जण आठवड्याच्या आत जातील, आणि रुग्णालयाच्या पहिल्या फेरीस त्यांतील एक जण सोबत असेल. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांनी ठाण्यास गाडी बदलावी. तेथून पनवेलची लोकल थेट खारघरला जाते. सुई घेणाऱ्या मुलांच्या तारखा मंडळाचे चिटणीस एका वहीत लिहितील, आणि तारीख चुकली की त्याच संध्याकाळी दार वाजेल. शिल्लक रक्कम एवढ्यास पुरेल, असे खजिनदार म्हणतात. पुरली नाही तर ताटली घेऊन आम्ही पुन्हा आपल्या दारी येऊ. कमानीसाठी आणलेले नमुने समितीच्या कपाटात आहेत, ते सांभाळून ठेवावेत.