उपवासकाळ : अंतःकरणाची नांगरट



राखेच्या बुधवारीं कपाळीं राख लावून आपण उपवासकाळांत प्रवेश करतों. त्याच सुमारास माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांत शाळू निघतो आणि पुढें उन्हाळी नांगरट लागते. नांगर घट्ट जमीन उलथून टाकतो. ढेकळें उन्हांत तापतात, तणाचीं मुळें वाळतात, आणि वळवाचें पाणी आंत मुरतें. न नांगरलेल्या रानावरून तेंच पाणी वाहून जातें.

ख्रिस्तसभेच्या आजच्या नियमानें सक्तीच्या उपवासाचे दिवस दोनच : राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार. परंतु प्रार्थना, उपवास व दानधर्म यांची साधना चाळीस दिवसांची आहे. भांडणतंटा चालू ठेवून केलेला उपवास देवास मान्य नाहीं, असें यशया संदेष्ट्यानें बजावलें आहे. हातभर बांधासाठीं सख्ख्या भावाशीं अबोला धरणाऱ्याचा उपवास ही केवळ पोटाची उपासमार होय. त्यानें आधीं तो बांध ओलांडून भावाच्या उंबऱ्याशीं जावें, मग वेदीपाशीं यावें. उपवासानें वांचलेली भाकरीही शेजारच्या भुकेल्या मुखीं पडावी.

महोत्सवासाठीं आपण देवमंदिर सजविलें. आतां अंतःकरण नांगरूं या. म्हणजे पुनरुत्थानाच्या सणीं कृपेचा पाऊस वाहून न जातां आपल्यांत मुरेल.