घरातील हात

2007 साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार सोसला होता. घरात मारणारे बहुतांशी आईबापच होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील छडी निषिद्ध ठरविली. घरातल्या माराला मात्र आपण ‘वळण लावणे’ म्हणतो. दारिद्र्याने गांजलेला बाप मुलावर हात उगारतो, ही आपली आवडती मीमांसा. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मीही ती वर्षानुवर्षे मांडली. पण माझा पगार दरमहा नियमित येत होता, आणि तरीही मी मुलाला मारले. कधी तर समतेवरील व्याख्यानाला निघण्यापूर्वी. तो आता पस्तिशीचा आहे. माझा आवाज चढला की अजूनही मुकाट्याने खोलीबाहेर जातो.