सोन्याचे बोर



निसर्गावरून दागिने घडविणाऱ्या कलावंतावर माहितीपट काढावयाचा झाल्यास त्यात काय दाखवावे, हा आजचा विषय. आम्ही पडलो कामगार चळवळीतले; आमच्या घरचे सोने म्हणजे एक मंगळसूत्र, तेही बरेचदा गहाण! आमच्या लहानपणी सिनेमापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवीत, आणि लोक तेवढ्यात बाहेर जाऊन विडी ओढून येत. हा माहितीपट तसा होऊ नये.

आपल्या दागिन्यांची नावे पाहा. बोरमाळ, जवमाळ, बकुळहार, चंपाकळी, केवडा. कोल्हापुरी साजात जवाच्या मण्यांमधून मासा, कासव, भुंगा, कारले, बेलपान. सारे शिवार गळ्यात उतरले आहे. परंतु बोराकडे पाहून ज्याने प्रथम सोन्याचा पत्रा वळविला, त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही.

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या डाखाने जोडून पोकळीत लाख भरतात. ही लाख पळस, कुसुंब आणि बोर ह्या झाडांवर राहणाऱ्या किड्याची. म्हणजे वरून सोन्याचे बोर आणि आत कदाचित बोरीचीच लाख! बागेसरीत निखारे, तोंडात फुंकणी. फुंकर जराशी जोराची गेली की मणी वितळला आणि दिवस बुडाला. कॅमेरा तेथे थांबला पाहिजे.

आणि १९६३ सालही त्यात यावे. त्या वर्षी सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. देशाची परकीय चलनाची अडचण खरी होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण पेढीवाल्याला दुसरा धंदा सुचतो. फुंकणीवाल्याच्या हाताला दुसरे काय येते? कित्येकांची चूल विझली, काहींनी जीव दिला. चौदा कॅरटांची अट पुढे उठली, तरी १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. तोवर किती मुले बापाच्या शेजारी बसावयाची थांबली असतील!

आज मुंबईच्या झवेरी बाजारात बंगालकडचे कारागीर दाटीवाटीच्या खोल्यांत हेच काम करतात. गिरणीच्या दारात सभा घेता येते. ह्या माणसांना गाठावे कोठे, हा आमच्यापुढचा जुनाच प्रश्न आहे. म्हणून माहितीपट काढणाऱ्यांना आमची एक विनंती. त्या कलावंताला बोराविषयी, बकुळीविषयी अवश्य बोलू द्या; पण मजुरी वजनावर मिळते की नगावर, आणि घासताना सोन्याची जी घट येते ती कोणाच्या खात्यावर पडते, हेही त्याला कॅमेऱ्यासमोर विचारा.