पॅडी चायेफ्स्की: सामान्यांचा नाटककार
पॅडी चायेफ्स्की यांचं खरं नाव सिडनी. जन्म 1923चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ज्यू कुटुंबातला. ‘पॅडी’ हे आयरिश नाव चिकटलं लष्करात. स्वयंपाकघरातली पाळी चुकवायला या ज्यू शिपायानं म्हणे आयरिश कॅथलिकासारखी चर्चला जायची परवानगी मागितली होती!

1953 साली त्यांचं ‘मार्टी’ हे नाटक टीव्हीवर थेट सादर झालं. नायक कोण, तर लग्न न जुळणारा, दिसायला बेताचा, मनानं भला असा एक खाटीक. त्यावरच्या चित्रपटानं 1955मध्ये कान महोत्सव जिंकला आणि चायेफ्स्कींना पहिलं ऑस्कर मिळालं. पुढे ब्रॉडवेवर ‘द टेन्थ मॅन’ गाजलं, ‘द हॉस्पिटल’ या चित्रपटानं दुसरं ऑस्कर दिलं.

तिसरं ऑस्कर ‘नेटवर्क’ या चित्रपटासाठी. प्रेक्षक वाढवायला वृत्तनिवेदकाच्या वेडाचा बाजार मांडणारी वाहिनी त्यांनी 1976मध्येच रंगवली. ज्या टीव्हीनं नाव दिलं, त्याचीच ही खरडपट्टी. तेव्हा ती अनेकांना अतिरंजित वाटली; आजच्या रात्रीच्या चर्चा ऐकल्या की तसं म्हणवत नाही.

आपल्या संवादांबाबत मात्र ते भलतेच हट्टी. ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक केन रसेल यांच्याशी बिनसलं, तेव्हा श्रेयनामावलीत त्यांनी आडनाव वगळून ‘सिडनी ॲरन’ एवढंच नाव लावलं. 1981मध्ये, अवघ्या 58व्या वर्षी, ते गेले.