भांडारात फाइल दाखल करण्याची रीत



पाठटिपणे, स्वाध्यायपत्रिका व घटक चाचण्या आता शाळेच्या संगणकावर तयार होतात. त्याबरोबर एक जुनीच अडचण नव्या रूपाने आली आहे. 'चौथी गणित', 'चौथी गणित नवीन', 'चौथी गणित नवीन शेवटची' अशा फाइलींची रांग लागते, आणि त्यांतील खरी कोणती हे करणाऱ्यासही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात पुसलेला उतारा आज हवा असला, तर तो कोठेच सापडत नाही.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींस ही अडचण फार मोठ्या प्रमाणावर भोगावी लागली. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी, त्या कामी वापरात असलेल्या बिटकीपर ह्या साधनाची विनामूल्य सवलत बंद होताच, एप्रिल २००५ मध्ये 'गिट' हे साधन लिहावयास घेतले. ते विनामूल्य असून, साध्या मजकुराच्या फाइलींसाठी शिक्षकांसही उपयोगी पडण्याजोगे आहे.

प्रथम टर्मिनल उघडून आपल्या फोल्डरात जावे व 'गिट इनिट' ही आज्ञा द्यावी. (आज्ञा अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकावयाच्या.) तेथे एक लपलेले फोल्डर तयार होते, तेच भांडार. परंतु एवढ्याने एकही फाइल भांडारात जात नाही, आणि नवख्याचा गैरसमज येथेच होतो. 'गिट स्टेटस' असे विचारल्यास गिट सर्व फाइली 'अनट्रॅक्ड', म्हणजे नोंदीत नसलेल्या, म्हणून दाखविते. मूल वर्गात येऊन बसले म्हणून जनरल रजिस्टरात त्याचे नाव चढत नाही, तसेच हे.

नाव चढविण्याच्या पायऱ्या दोन. 'गिट ॲड' व पुढे फाइलीचे नाव दिले की फाइल 'स्टेजिंग' नावाच्या मधल्या जागेत येते. 'गिट कमिट' देऊन छोटी टीप लिहिली की ती कायम नोंदली जाते. मधली जागा कशासाठी? पाच फाइलींत बदल झाले, पण त्यांपैकी दोनच पुऱ्या झाल्या असतील, तर तेवढ्याच निवडता याव्यात म्हणून. मात्र ॲड ही आज्ञा फाइलीचे त्या क्षणीचे रूप उचलते. नंतर मजकूर सुधारल्यास ती पुन्हा द्यावी लागते. नाहीतर नोंदीत जुनेच रूप जाते.

'गिट ॲड' पुढे केवळ एक टिंब दिल्यास फोल्डरातील सर्व फाइली एकदम उचलल्या जातात. सोय मोठी, म्हणूनच धोकाही मोठा. स्वाध्यायांशेजारी विद्यार्थ्यांची यादी असते. तीत जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी असतात. ती यादी कमिट होऊन भांडार सार्वजनिक संकेतस्थळावर चढले, तर दुसऱ्या दिवशी फाइल काढून टाकण्याने काही साधत नाही. जुने रूप न विसरणे हा गिटचा गुणच येथे बाधतो: मागील नोंद उघडून कोणीही ती वाचू शकतो. इतिहास नव्याने लिहून ती पुसण्याचे मार्ग आहेत; पण तोवर कोणी प्रत घेतली असल्यास ती परत आणता येत नाही. संकेतशब्द फुटला तर बदलता येतो, मुलाची जन्मतारीख बदलता येत नाही.

ह्यासाठी, आरंभी टिंब असलेली '.गिटइग्नोर' ही फाइल करून, वगळावयाच्या फाइलींची नावे तीत एकेका ओळीवर लिहावीत. आधीच नोंदल्या गेलेल्या फाइलीस ती लागू पडत नाही, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करावे. विद्यार्थ्यांच्या याद्या त्या फोल्डरात ठेवूच नयेत, हे त्याहून बरे. कमिटपूर्वी 'गिट स्टेटस' पुन्हा देऊन नावे एकेक वाचावीत. नको ती फाइल मधल्या जागेत आली असल्यास 'गिट रिस्टोअर', मग दोन संयोगचिन्हे जोडून 'स्टेज्ड', व शेवटी फाइलीचे नाव द्यावे. फाइल त्या जागेतून बाहेर येते, तिच्यातील मजकुरास धक्का लागत नाही. भांडारात अद्याप एकही कमिट नसेल, तर हेच काम 'गिट आरएम' व दोन संयोगचिन्हांसह 'कॅश्ड' ही आज्ञा करते.