मळमळ, पित्त आणि घरातला औषधांचा डबा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



इंदुरात राहून पचनावर बोलायचे म्हणजे धाडसच. सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफा आणि या दहा दिवसांत वर मोदक! तेव्हा पथ्य सांगत बसण्यापेक्षा आम्ही डॉक्टर मंडळी आज तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्याबद्दलच बोलणार आहोत.

त्यात हमखास सापडते ती पित्ताची कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र. पॅन्टोप्राझोल पोटातले आम्ल कमी करते. ते न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचे, जेवणानंतर जळजळ सुरू झाल्यावर नव्हे. डॉम्पेरिडोन मळमळीवरचे, पण साठीपुढच्यांत ते हृदयाचे ठोके बिघडवू शकते. चिठ्ठी आठवड्याची आणि कॅप्सूल तीन वर्षे, हा प्रकार आपल्याकडे फार.

उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडही असते. मुलांना आणि तरुणांना त्याने कधी कधी मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. घरचे घाबरून दृष्ट काढतात! तो औषधाचा परिणाम असतो आणि इंजेक्शनने उतरतो. मुलांना ऑन्डान्सेट्रॉन देतात, पण मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका.

जुलाबात खरे औषध ओआरएस. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना मिठाला सोबत नेते आणि मागोमाग पाणी जाते, एवढेच त्यातले रहस्य. म्हणून प्रमाण महत्त्वाचे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. पेल्यात अर्धे-पाव घालण्याचा अंदाज नको. चोवीस तासांनी उरलेले फेका. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्या. सोबत जस्ताची गोळी डॉक्टरांना विचारून, चौदा दिवसांपर्यंत. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड लहान मुलांना नको, आणि शौचात रक्त वा ताप असेल तर मोठ्यांनाही नको. दुकानातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

आले, ओवा, लिंबू यांना आमची हरकत नाही. आल्याने मळमळ खरोखर कमी होते.

आता ज्यासाठी मुद्दाम उभे राहिलो ते. पन्नाशीनंतर, त्यातही मधुमेह असेल तर, छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, घाम, मळमळ, धाप; याला 'गॅस' म्हणून सोडा पिऊन झोपू नका. हृदयविकाराचा झटका असाच येतो. बायकांत तर छाती फारशी न दुखताही येतो. ढेकर आल्याने बरे वाटले, तरी ती खात्री नव्हे. जिना उतरून स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी किंवा सारखे घटणारे वजन असेल तरी डबा बंद करून दवाखाना गाठा.

उद्या सकाळी दहा वाजता आम्ही याच सभागृहात बसणार आहोत. आपापला डबा, जुन्या चिठ्ठ्यांसकट, घेऊन या.