स्वतःची वेळ



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "हे व्याख्यान ज्योतिषावर आहे काय?" ज्योतिषावर नाही, घड्याळावर आहे. पहाटेच्या अंधारात नगर रस्त्याच्या कडेने, मालमोटारींचे दिवे चुकवीत धावणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. कोणी पोलीसभरतीची तयारी करीत असतो, कोणी लष्कराची. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ त्यांना काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढाच माझा विषय आहे. त्यासाठी एका धावेची हकीकत आपणांस सांगतो.

याच रस्त्याने पुढे जावे, शिरूर मागे टाकावे, नगर ओलांडावे, म्हणजे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका लागतो. तेथील मांडवा गावचा अविनाश साबळे हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटर दूर. वाहनाची सोय नाही, तेव्हा चालत नाही तर धावत जायचे. पुढे तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्याने सियाचीनची थंडी सोसली, राजस्थानचे वाळवंट पाहिले, आणि स्पर्धेत धावू लागला तो २०१५ मध्ये. त्याची खरी शर्यत ३००० मीटरांची, वाटेत अडथळे आणि पाण्याचे खड्डे असलेली. तिला स्टीपलचेस म्हणतात. दोहा येथे २०१९ साली त्याने ती ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत पुरी केली आणि टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले.

पण २०२० साली महामारी आली. मैदाने बंद पडली, ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. मग नव्या हंगामाच्या तोंडावर, २९ नोव्हेंबर २०२० रोजी, हा गडी दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनला उभा राहिला. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७.५ मीटर. येथून निघून रांजणगावचा गणपती मागे टाकावा आणि शिरूर येण्यापूर्वी थांबावे, एवढा पल्ला. साबळेने तो १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत पार केला. आधीचा भारतीय विक्रम १ तास ३ मिनिटे ४६ सेकंदांचा होता.

सव्वातीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. पण हिशेब करून पाहा. दर किलोमीटरमागे सुमारे नऊ सेकंदांची बचत झाली. शंभर मीटर साधारण सतरा सेकंदांत धावायचे, आणि असे शंभर मीटर मधे श्वासही न घेता दोनशे अकरा वेळा! आपल्या गावातल्या चपळ पोराला यातले चार-पाच तुकडे जमतील, मग तो कमरेवर हात ठेवून उभा राहील.

असे का होते? रक्त जितका प्राणवायू पुरवू शकते, त्याहून जास्त मागणी स्नायू करू लागले, की शरीर उसनवारीवर चालते. ही उसनवारी काही मिनिटे चालते, तासभर चालत नाही. पहिला किलोमीटर हौसेने पळणाऱ्याकडून शेवटचे चार किलोमीटर सावकारासारखे व्याज वसूल करतात. लांब पल्ल्याचे सारे शहाणपण या उसनवारीच्या उंबरठ्यापर्यंत जाण्यात आणि तो न ओलांडण्यात आहे. त्यालाच आपले जुने लोक 'दम' म्हणत.

आता एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती शर्यत साबळेने जिंकली नाही. इथिओपियाच्या आमदेवर्क वालेलेन्यने ती ५८ मिनिटे ५३ सेकंदांत जिंकली. साबळेचा क्रमांक दहावा होता. देशाचा विक्रम मोडणारा माणूस दहावा!

येथे कोणी तरुण म्हणेल, "महाराज, भरतीला दहावा क्रमांक चालत नाही. जागा थोड्या असतात." त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते मी गोड बोलून उडवून लावणार नाही. साबळेलाही तो अनुभव आला. जुलै २०२१ मध्ये टोकियोला तो ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत धावला. आयुष्यातली सर्वोत्तम वेळ, नवा राष्ट्रीय विक्रम. तरी आपल्या प्राथमिक फेरीत तो सातवा आला आणि अंतिम फेरीला मुकला. उत्तम वेळ आणि यश यांचे लग्न लागलेलेच असते असे नाही.

मग वेळेचा उपयोग काय? आपण शेतकरी माणसे आहोत. मृगाचा पहिला पाऊस चांगला पडला म्हणून कोणी धान्याची कोठारे सारवायला घेत नाही. घाईने पेरले तर दुबार पेरणीची पाळी येते. पण ओल किती खोल गेली, हे मात्र शहाणा शेतकरी ढेकूळ फोडून पाहतो. हंगामाच्या आरंभीची चांगली वेळ ही अशी ओल आहे. जमिनीत काय मुरले आहे, ते ती सांगते. पीक ती नव्हे.

दिल्लीच्या धावेमुळेच पुढचे सारे घडले, असे मी म्हणणार नाही. त्यामागे वर्षांची मेहनत आहे. परंतु क्रम पाहा. टोकियोनंतरच्या वर्षी, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला आणि रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. त्या शर्यतीतली वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद, म्हणजे टोकियोत बाहेर पडताना होती त्याहून संथ! जुलै २०२४ मध्ये पॅरिसला वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली. क्रमांक कधी वर, कधी खाली. दम मात्र वाढत गेला.

म्हणून पहाटे धावणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे. संध्याकाळी मुलगा घरी आला, की "कितवा आलास?" हे जग विचारणारच आहे. घराने आधी विचारावे, "गेल्या खेपेपेक्षा किती सेकंद वाचवलेस?" क्रमांक दुसऱ्याच्या पायांवरही अवलंबून असतो. वेळ आपल्या पायांची असते. ती वहीत लिहून ठेवा. चांगली आली तर दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा मोडायला धावू नका, आणि वाईट आली तर वही फेकू नका.